खालचा डाग

४ फेब्रुवारी, मंगळवार

डाग दोन्ही कॅमेऱ्यांत आहे. पक्कं. सूनबाईच्या विभागातल्या शंकेखोराने स्वतः तपासून सांगितलं — आणि तो माणूस, तिच्या म्हणण्याप्रमाणे, उजाडलंय हेसुद्धा खिडकी उघडून बघितल्याशिवाय मान्य करत नाही. एकाच कॅमेऱ्यात दिसला असता तर कॅमेऱ्याचा दोष म्हणून टाकून दिला असता. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांत, त्याच जागी, त्याच आकाराचा. म्हणजे काहीतरी आहे.

हे मला जिन्यात कळलं. मी दुपारच्या पाळीला निघालो होतो, ती विसरलेला डबा न्यायला परत आली होती. "बाबा, दोन्हीकडे आहे!" एवढंच म्हणाली, माझा हात दाबला आणि डबा न घेताच खाली पळाली. डबा मी नेऊन दिला. संस्थेच्या फाटकावरचा पहारेकरी आता मला ओळखतो.

तिचा धंदा एकदा इथे साध्या भाषेत मांडून ठेवतो. वृत्तसंपादकाची खोड — स्वतःला चार वाक्यांत सांगता आलं नाही तर समजलंच नाही असं धरायचं. अवकाशात एक क्ष-किरण दुर्बीण आहे, तिने काढलेली आकाशाची चित्रं सूनबाई तपासते आणि त्यांत दीर्घिकांचे समूह शोधते. एक दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे. अशा शेकडो दीर्घिका एकमेकींना धरून राहतात, तो समूह. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वायू असतो, कोट्यवधी अंश तापलेला — साध्या दुर्बिणीला दिसत नाही, क्ष-किरणांत चमकतो. कृष्णविवराभोवतीची झगमग असली तर चित्रात टोकदार ठिपका उमटतो. समूह असला तर कडा विरत गेलेला डाग. ठिपके हजारोंनी. डाग थोडे. ती डागांच्या मागे.

ही म्हणते, "एवढी शिकली आणि डाग शोधते?"

मी म्हटलं, "तू इतकी वर्षं माझ्या शर्टांवर काय शोधतेस?"

कपाटाचं दार जोरात लागलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विहीणबाईंचा फोन. "अजून सापडलं नाही का हो तिला? मेलं एवढं हरवलंय तरी काय?"

९ फेब्रुवारी, रविवार

आज कळलं की दोन्ही कॅमेऱ्यांत असणं पुरेसं नाही.

सूनबाई ओट्याशी मटार सोलत होती, मी समोर बसून सोललेले खात होतो. सहज विचारलं, "मग आता खराच ना तो?"

"नाही बाबा. पेरलेला असू शकतो."

पेरलेला! माझे कान उभे राहिले. आमच्या धंद्यातली ही शिवी. कोणीतरी आपला मतलब साधायला बातमी पेरतो, आपण ती बिनडोकपणे छापतो आणि दुसऱ्या दिवशी तोंड लपवत फिरतो. पण यांच्याकडे पेरणी हे रीतसर काम आहे! विभागातला एक वयस्कर शास्त्रज्ञ खोटे समूह बनवतो — संगणकावर, अगदी खऱ्यासारखे, दोन्ही कॅमेऱ्यांत बेमालूम बसतील असे — आणि खऱ्या चित्रांत मिसळून देतो. कोणत्या चित्रात काय मिसळलं ते त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं. संगणकात कुलूपबंद. ही मंडळी त्याला पेरणीवाले म्हणतात.

"पण कशाला? स्वतःच्याच घरात चोर सोडायचा?"

"मग आपले डोळे किती भरवशाचे ते कसं कळणार? खरे किती सुटतात, खोटे किती खपतात? उद्या आम्ही म्हणालो की विश्वात एवढे समूह आहेत, तर कोणी विचारेल ना, तुमच्या नजरेतून निसटले किती?"

हे मला पटलं. बेहद्द पटलं. आमच्या कचेरीत कोणी असा माणूस नेमला तर निम्मे बातमीदार राजीनामा देतील आणि उरलेले निम्मे नीट काम करायला लागतील.

मी विचारलं, "आकाशातली ती जागा साध्या दुर्बिणीतून बघून का नाही घेत? दीर्घिका असल्या तर खरा, नसल्या तर खोटा."

"जागाच ठाऊक नाही. चित्रावरचा पत्ता काढून टाकलेला असतो."

म्हणजे बातमीवरची गावाची आणि तारखेची ओळ कापून नुसता मजकूर हातात द्यायचा आणि म्हणायचं, सांगा आता, खरी की खोटी!

सगळ्यात मजा पेरणीवाल्यांच्या जेवणाची. कुलूप उघडेपर्यंत त्यांनी कोणाबरोबर जेवायचं नाही, चहाला यायचं नाही, असा विभागाचा रिवाज आहे. चेहऱ्यावरून कळतं म्हणून. उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून ते एकटे जेवतात. सूनबाई म्हणाली, मागच्या खेपेला एका चित्रावर चर्चा चालली असताना ते मागून जात होते आणि त्यांना खोकला आला. तिघांनी मत बदललं! खोकला खरा होता.

"बिचारा," ही म्हणाली. "बायको तरी बोलते का त्यांच्याशी घरी?"

"त्या म्हणतात, पेरणीच्या दिवसांत घरात फार शांतता असते. वर्षातून दोनदा पेरा."

ही माझ्याकडे अशी बघत राहिली की मी मटार ठेवून उठलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज त्या डागावर मतं पडली. पाच जणांनी बघितला. चौघांचं मत एक, सूनबाईचं एक.

चौघे म्हणतात: समूह एकच. आकार जरा वेडावाकडा, खाली शेपूट आल्यासारखा. बहुधा पेरलेलाच असेल, पेरणीवाल्यांनी मुद्दाम तिरपा बनवला असेल. सूनबाईने लिहिलं: दोन समूह. वर एक, खाली एक. एकमेकांशी संबंध नाही.

मी म्हटलं, "दाखव तरी." चित्र संस्थेबाहेर आणता येत नाही. ती स्वयंपाकघरातल्या खिडकीशी गेली. भाताच्या वाफेने काच धुरकटली होती. बोटाने वर एक गोल काढला — नीटस, भरीव. त्याच्या खाली तळव्याने हलकेच एक पुसट फटकारा ओढला.

"हा वरचा. सगळ्यांना दिसतो. आणि हा खालचा. सगळे म्हणतात हा याचाच पसारा."

"आणि तू?"

"मला हा वेगळा वाटतो."

"वाटतो?" मी चष्म्यावरून बघितलं. कचेरीत हा शब्द मी कापतो.

ती हसली. "नाही बाबा. वेगळा आहे. क्ष-किरणांनाही रंग असतो असं समजा. कमी ऊर्जेचे, जास्त ऊर्जेचे. वरचा सगळ्या रंगांत दिसतो. खालचा फक्त कमी ऊर्जेच्या रंगात. शेपूट असती तर त्याच रंगाची नसती का? हा कमी तापलेला आहे, नाहीतर खूप लांबचा आहे. किरण मात्र मोजके आलेत. म्हणून बाकीचे म्हणतात, योगायोग."

आम्ही बघत होतो तोवर काच ओघळायला लागली. वरचा गोल तसाच राहिला. खालचा वाहून गेला.

"हे बघा," ती म्हणाली. "यालाही पटत नाहीये."

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज परीक्षा माझी.

विज्ञान पुरवणीची बाई माझ्या टेबलाशी आली. खुर्ची ओढून बसली — म्हणजे काहीतरी काढून घ्यायचं होतं. "सर, तुमच्या सूनबाई त्या संस्थेत ना? काही मोठं शिजतंय म्हणे."

मी म्हटलं, "तिथलं उपाहारगृह चांगलं आहे. काही ना काही शिजतच असतं."

गेली. पण अर्ध्या तासाने परत डोकावली. "सर, नुसता अंदाज द्या."

"अंदाज हवामानाचा असतो. पान तीन."

जन्मभर लोकांच्या पोटातलं काढून पहिल्या पानावर टाकण्याचं काम केलं. सगळ्यांच्या आधी टाकलं तर मान. आणि आता स्वतःच्या घरातली बातमी गिळून बसायचं! घरी हे सांगितलं तर ही म्हणाली, "तुमच्या पोटात राहिलं? बरं वाटतंय ना?" कपाळाला हात लावून बघितला.

आणि हिने स्वतः विहीणबाईंना सगळं सांगून टाकलेलं आहे! विचारलं तर म्हणे, "त्या कुठे छापणार आहेत?"

१६ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीव जेवताना म्हणाले, "बाबा, माझ्या शेवटच्या वर्षाच्या निकालाच्या वेळी तुम्ही इतके अस्वस्थ नव्हता."

"तुझ्या निकालात उत्सुकता नव्हती रे. आम्हाला ठाऊक होतं."

सूनबाईला ठसका लागला. चिरंजिवांनीच पाणी दिलं. लोकांच्या पाठी आणि गुडघे ताळ्यावर आणतो, धंदा उत्तम चाललाय, रागावत नाही. बायकोच्या कामातलं त्याला फारसं कळत नाही आणि कळल्याचं सोंगही आणत नाही. मात्र तिची मान दुखायला लागली की ती बोलायच्या आधी मागे जाऊन उभा राहतो. आज जेवण झाल्यावर उभा होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रकरण वाटलं त्यापेक्षा मोठं आहे. आज कळलं.

सूनबाई लवकर घरी आली आणि सरळ इस्त्रीला उभी राहिली. कपडे इस्त्री झालेले होते. तेच पुन्हा करायला लागली. मी पेपर खाली ठेवला.

"काय झालं?"

"शंकेखोर येऊन बसला होता माझ्याजवळ. चांगल्या मनानेच आला होता. म्हणाला, मत बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. एवढं रेटू नकोस."

मग सगळं सांगितलं. कुलूप उघडलं की कोणाची मतं किती बरोबर आली ते पडद्यावर लागतं. ज्याची नजर सगळ्यात सरस ठरेल, त्याला पुढच्या मोठ्या निरीक्षणाचं नेतृत्व मिळणार. अवकाशातल्या त्या दुर्बिणीवर सलग, लांबलचक वेळ! अर्ज त्याच्या नावाने जाणार. आधीच्या खेपा धरून सूनबाई आणि शंकेखोर बरोबरीत आहेत, आणि या खेपेला दोघांची मतं याच एका डागावर वेगळी. हा डाग ज्याचा बरोबर, तो पुढे. सगळ्यांसारखं "एक" लिहिलं तर बरोबरी तरी राहील. "दोन" लिहिलं आणि एकच निघाला तर गेलं.

इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या अर्जांत तिसरं नाव, चौथं नाव. दुसऱ्यांनी वळवलेल्या दुर्बिणीतून आलेली चित्रं निवडत बसलेली. एकदा तरी दुर्बीण आपल्या म्हणण्याने वळावी. ती असं बोलली नाही. त्याच कॉलरवरून तिसऱ्यांदा इस्त्री फिरवली, त्यावरून मला कळलं.

मी काय सांगणार? मला त्यातलं काय कळतं? मी मला येतं तेवढं केलं. नवीन बातमीदाराला जे विचारतो ते विचारलं.

"आधार काय?"

"रंग."

"आणखी?"

"दोघांच्या मध्ये उजेड कमी होतो आणि मग परत वाढतो. शेपूट नुसती विरत जायला हवी."

"चूक निघाली तर कशामुळे निघेल?"

"किरण थोडे आहेत म्हणून. नशिबाने तसे पडले असतील."

"पेरणीवाल्यांनी मुद्दाम दोन बनवले असतील तर?"

"तर मी बरोबर, आणि दोन्ही खोटे." ती पहिल्यांदा हसली. "तेही चालेल."

मी तेच प्रश्न फिरवून पुन्हा विचारले. बातमीदार दुसऱ्या फेरीत गडबडतो, शब्द वाढवतो, आवाज चढवतो. तिने दुसऱ्या फेरीत शब्द कमी केले. चूक कुठे निघू शकते तेही तितक्याच शांतपणे सांगितलं.

मी म्हटलं, "मी असतो तर छापलं असतं. शंका दुसऱ्या परिच्छेदात, पण छापलं असतं."

"मत बदलणार नव्हतेच मी, बाबा," ती म्हणाली. "नुसती इस्त्री करत होते."

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुदत काल संपली. "दोन" कायम. आज चिरंजिवांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सूनबाईने अख्खा कप संपवला आणि विसळून ठेवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गुरुवारी कुलूप उघडणार. त्याआधी हे लिहून ठेवायचं आहे, तारखेसकट, म्हणजे नंतर निकालाचा रंग लागायला नको.

मला या मुलीचा अभिमान आहे. आज. निकालाच्या आधी.

पहिल्यांदा घरी आली तेव्हा हिने विचारलं होतं, "तुम्ही तारे बघता म्हणे?" आणि ती म्हणाली होती, "नाही हो, ताऱ्यांची आम्हाला अडचणच होते, मध्ये येतात." मला तेव्हाच आवडली होती. पण आवडणं वेगळं.

गेल्या आठवड्यात एकदा तिला न्यायला चौथ्या मजल्यावर गेलो होतो. खोलीचं दार उघडं होतं. तिला मी दिसलो नाही. पाठमोरी बसलेली, पायातले बूट काढून ठेवलेले, एका पायावर दुसरा. पडद्यावर राखाडी चौकोन, त्यात दाणे सांडल्यासारखे. त्यातला एकेक दाणा म्हणजे एक किरण — पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हा निघालेला. ती एक चौकोन बघायची, मान तिरपी करायची, काहीतरी टिपायची, पुढचा. घाई नाही. कंटाळा नाही. कोणी बघतंय म्हणून नाही, कोणी शाबासकी देईल म्हणून नाही. मी बराच वेळ उभा होतो. कितीतरी माणसांना काम करताना बघितलंय, नोकरीच ती आहे. अशी मान तिरपी करणारी फार थोडी.

मग मी मुद्दाम बूट वाजवत आलो.

कचेरीत कोणाला सांगता येत नाही, मुलाला सांगितलं तर तो हसेल, तिला सांगितलं तर ती इस्त्री काढेल. म्हणून इथे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पेरलेला होता.

दुपारी फोन आला. "बाबा, पेरलेला निघाला." आवाज सरळ. मागे खुर्च्या सरकल्याचा, हसण्याचा गलका. मी म्हटलं, "बरं." एवढंच सुचलं! शब्दांवर पोट भरणारा माणूस.

संध्याकाळी मी सुटी टाकून घरी थांबलो. ती आली, हातपाय धुतले, पाव कापायला घेतला. शेवटी ही म्हणाली, "सांग आता. नाहीतर यांना काहीतरी होईल."

मग तिने सगळं नीट सांगितलं. सभागृहात सगळे जमले. पेरणीवाले कुलूप काढतात, पडद्यावर एकेक चित्र येतं आणि खाली "खरा" किंवा "पेरलेला" असं उमटतं. भराभर जातात. तिचं चित्र आलं. "पेरलेला. समूह: एक." पुढचं. झालं. एवढ्यात गेलं.

"म्हणजे मी त्यांच्या एकाचे दोन केले," ती म्हणाली. "शंकेखोर पुढे गेला. चांगलं काम करेल तो. मला म्हणाला, तुझं नाव दुसरं घालतो. मी म्हटलं, घाल."

चिरंजीव मागे जाऊन उभे राहिले होते. ती म्हणाली, "मान दुखत नाहीये." तो म्हणाला, "माहीत आहे." तसाच उभा राहिला.

ना कोणाला बोल लावला, ना "किरणच थोडे होते" म्हणाली. उलट पेरणीवाल्यांचीच गंमत सांगत बसली. तीन आठवड्यांनी आज माणसांत बसून जेवले. एवढे बोलले, एवढे बोलले की जेवण निवलं. मध्येच उठून सगळ्यांना पाणी वाढलं. हातात भांडं घेऊन प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, म्हणे, किती दिवसांनी तुमचे चेहरे दिसतायत!

मी विचारलं नाही, तरी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "छापलं असतं तर उद्या खुलासा द्यावा लागला असता, बाबा."

"दिला असता. त्याच पानावर."

जेवण संपत आलं तेव्हा एकदा तिचा चमचा हवेत थांबला. खिडकीकडे बघत होती. काच आज कोरडी होती.

"काय गं?"

"काही नाही. त्यांनी पेरलेल्याची कृती आता सगळ्यांना खुली होईल. काय घातलं, कुठे घातलं. उद्या बघते. तो खालचा रंग त्यांनी कसा आणला ते शिकायचंय मला. फार हुबेहूब होतं."

हरली आणि शिकायला निघाली. सोमवारी लिहिलेलं मी आज पुन्हा वाचलं. एक शब्द कापावा लागला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कचेरीत होतो. तिचा फोन. श्वास लागलेला, जिन्यात असावी.

"बाबा, त्यांच्या कृतीत एकच गोल आहे. वरचा. तेवढा उपसून काढला. खालचा तिथेच आहे."

ती ते घेऊन पेरणीवाल्यांकडे गेली होती. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. चष्मा काढला. म्हणाले, "खाली मी काहीच ठेवलेलं नाही. जागा रिकामी आहे अशी खात्री करूनच तिथे पेरलं होतं." आज ते जेवले नाहीत. जेवायच्या वेळी तिच्या खुर्चीमागे उभे होते.

पत्ता आता खुला आहे. आकाशाच्या जुन्या छायाचित्रांत त्या जागी काही पुसट, तांबूस दीर्घिका आहेत. कोणी कधी मोजलेल्या नाहीत. शंकेखोर स्वतः मॅडमकडे गेला — विभाग त्याच चालवतात — आणि म्हणाला, अर्जावरचं पहिलं नाव बदला. "मला अजून शंका आहे. पण ती हिनेच फेडावी."

म्हणजे आमच्या भाषेत एक सूत्र झालं; पक्क्या बातमीला दोन लागतात. दुसरं यायचंय. डोंगरावरच्या वेधशाळेत तिच्या ओळखीचा एक निरीक्षक आहे; मंगळवारी दुर्बीण तिकडे वळवून त्या दीर्घिकांची अंतरं काढणार. सगळ्यांचं अंतर एकच निघालं, तर समूह. दुर्बीण वळवायची ती सूनबाईच्या म्हणण्याने.

ढग नसले तर.